आधी एस्केप, मग कोलन डब्ल्यू

सेनगाव, जि. परभणी
१२ डिसेंबर १९९७

रामप्रसाद राठोड यांस,

‘यांस’ लिहिलंय म्हणून फुगून जाऊ नको. वर काय लिहायचं याचा मी लय विचार केला. ‘प्रिय’ लिहावं तर तुमच्या तांड्यावर पत्र पोचायच्या आधी पोस्टमन ते वाचणार आणि स्टँडवर सांगत बसणार. नुसतं नाव लिहावं तर भांडायला बसल्यासारखं वाटतं. भांडायचं तर आहेच, पण सावकाश.

परवा आम्ही कॉम्प्युटर क्लासचे सगळे तुला बघायला आलो तेव्हा तू भिंतीकडं तोंड करून झोपला होतास. झोपला नव्हतास, मला माहीत आहे. झोपलेला माणूस असा श्वास धरून ठेवत नाही. तुझ्या आईनं आम्हाला चहा दिला. तुझे वडील, गुलाबसिंगकाका, सांगत होते, मळणीयंत्रात सोयाबीनचं काड अडकलं, पोरानं ते काढायला हात घातला. तर आपले हरिचंद सर विचारतात, "किती बोटं गेली?" असं विचारतं का कुणी? मला सरांचा इतका राग आला. मग परत येताना जीपमध्ये मीच त्यांना विचारलं. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली म्हणे.

क्लास आहे तिथंच आहे, खताच्या दुकानाच्या माडीवर. चपला अजून बाहेरच काढाव्या लागतात, आणि सर अजून मशीन चालू करायच्या आधी उदबत्ती लावतात. खिडकीजवळचं तुझं मशीन झाकून ठेवलंय. नव्या बॅचचा एक जण त्यावर बसला होता, त्याला मी उठवलं. सर म्हणाले, "काहून उठवलं त्याला?" मी म्हणलं, कीबोर्डची एक कळ अडकते. कळ काही अडकत नाही.

दोघांत एक मशीन मिळालं म्हणून पहिल्या दिवशी तू किती चिडला होतास. मग आपणच ठरवलं, एकानं बोटं चालवायची, दुसऱ्यानं नजर ठेवायची. बोटं तुझी, नजर माझी. तू त्या निळ्या पडद्यावर धडाधड सीचे प्रोग्रॅम लिहीत जायचास आणि मी मागून म्हणायचे, "चौथ्या ओळीला अर्धविराम राहिला." तुला राग यायचा, पण राहिलेला असायचाच. कंट्रोल आणि के दाबून, मग बी दाबून तू ओळींचा आख्खा गठ्ठा उचलायचास आणि दुसरीकडं नेऊन ठेवायचास. तुझी बोटं बघण्यात माझी नजर पडद्यावरून हलायची. तेवढेच अर्धविराम निसटले असतील.

आणि ते नांदेडचं आठवतं का? मी धुरपताबाई मावशीकडं राहून महिनाभर युनिक्स शिकून आले आणि तिथलं व्ही-आय नावाचं एडिटर फ्लॉपीवर घालून आणलं. प्रोग्रॅम लिहायची पाटी म्हणजे एडिटर, एवढं तर सगळ्यांना माहीत होतं, पण या पाटीवर लिहायला गेलं की ती नुसती टूं टूं वाजायची. तू पाऊण तास त्यातून बाहेर पडायचा रस्ता शोधलास आणि शेवटी सरळ प्लग ओढलास. "बाहेर निघायला पण इजाजत मागतं हे येडं," म्हणालास. आख्खा क्लास हसला. मी पण हसले, पण मला वाईट वाटलं होतं. आज सांगते.

कुरुंद्याच्या सटवाजी काकांचा निरोप आला होता. तुझ्या बहिणीच्या, पुजाबाईच्या, सासरकडून त्यांच्या वजनकाट्याचं काम आपल्याला मिळालं, त्याचं काय झालं विचारतात. गाडीचं वजन, मालाचं वजन, छापील पावती. आपला तो प्रोग्रॅम अर्धाच पडलाय. मी त्याला हात लावला नाही आणि लावणार पण नाही. तूच येऊन तो पुरा कर. एवढंच सांगायला पत्र लिहिलंय, बाकीचं सगळं भर आहे.

शिवकन्या
(मसाजीची, साखऱ्याची. दुसरी कुणी नाही.)


सेनगाव, जि. परभणी
२४ जानेवारी १९९८

रामप्रसाद,

कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर तीन ओळी. ‘आता जमत नाही. एका हातानं कंट्रोल आणि के एकदम दाबून दाखव, मग बोल. पत्र पाठवू नको.’

अक्षर घाण आहे. पण उजव्या हातानं तरी तुझं कुठं चांगलं होतं? सर तुझी वही उलटी धरून वाचायचे. डाव्या हाताचं निदान सुलटं कळतं.

कार्ड वाचत होते तेव्हा आई म्हणाली, "काहून हसून राहिली?" मी म्हणलं, क्लासचं आहे. मग तीच म्हणाली, "रडून राहिली का गं?" आईला एकदा काही विचारायचं सुचलं की ती थांबत नाही. मी उठून मेंढरांना पाला टाकायला गेले.

तू जे लिहिलंस त्यातलं पहिलं मी ऐकलं आणि शेवटचं नाही. मधलं मात्र मी प्रश्न म्हणून धरलं. तुझ्या मशीनवर बसले. आपल्या त्या जुन्या कीबोर्डला कंट्रोल एकच, तो पार डाव्या कडेला. के पार उजवीकडं. डावा पंजा ताणून करंगळी तिकडं, अंगठा इकडं. एकदा जमतं, दोनदा जमतं. मग मनगट असं दुखतं की त्या हातानं चहाचा कप धरवत नाही. आणि तुझ्या त्या निळ्या पडद्यात जे काही कामाचं आहे ते सगळं असंच आहे, एक कळ दाबून धरा आणि दुसरी मारा. ज्यानं कुणी ते बनवलं त्याला दोन्ही हात शाबूत होते.

म्हणजे तुझं बराबर आहे. नाही जमत. मी तुला उगाच ‘मनात आणलं की सगळं होतं’ असं सांगणार नाही. तांड्यावर येऊन ते सांगणारे पुष्कळ असतील.

पण एका पाटीवर जमत नाही म्हणजे लिहिताच येत नाही, हे मला पटलेलं नाही. थांब जरा.

शिवकन्या


सेनगाव, जि. परभणी
१८ मार्च १९९८

रामप्रसाद,

यासोबत एक फ्लॉपी आहे. गुलाबसिंगकाका बाजारात भेटले, त्यांच्या हातात देऊन राहिले. ती उन्हात ठेवू नको.

तिच्यात ते येडं आहे. नांदेडचं, टूं टूं वाजणारं, इजाजत मागणारं. आता हसून घे आणि मग पुढचं वाच.

त्यात दोन कळा एकदम दाबाव्याच लागत नाहीत. एकामागून एक दाबायच्या. ओळ पुसायची तर डी आणि परत डी. ओळ उचलायची तर वाय आणि परत वाय. ठेवायची तर पी. खाली जायचं तर जे, वर जायचं तर के. तोच तुझा के, पण एकटा, कंट्रोलचं शेपूट नाही. एक बोट असेल तरी चालतं, आणि तुला तर सगळा डावा हात आहे.

आता ते वाजतं काहून, ते सांगते. मला ते नांदेडच्या मास्तरांनी इंग्रजीत समजावलं होतं आणि समजलं नव्हतं. परवा आबांमुळं समजलं. माझे आबा मेंढरांमागं असतात तेव्हा त्यांचं बोलणं वेगळं. एक हाळी दिली की कळप थांबतो, दुसरी दिली की वळतो, पाण्यावर न्यायची शीळ आणखी वेगळी. घरी आले की काठी दाराशी टेकवतात आणि मग माणसांसारखं बोलायला लागतात. काठी हातात असेल तर हाळी, काठी दाराशी असेल तर बोलणं. तोंड एकच. व्ही-आयचं पण असंच आहे. कळा त्याच, पण काठी हातात असेल तर त्या हाळ्या होतात, म्हणजे पूस, उचल, ठेव. आय दाबलं की काठी दाराशी टेकवली, मग जे मारशील ते अक्षर होऊन उमटतं. परत हाळी द्यायची असेल तर आधी काठी उचलावी लागते. ती काठी म्हणजे एस्केपची कळ.

आपण सगळ्यांनी काय केलं होतं, काठी हातात धरून गप्पा मारायला गेलो. मेंढरं बिथरणारच.

उलटं झालं तर पण गंमत होते. एकदा आबा भुकेले आले, काठी टेकवली, जेवायला बसले आणि आई भाकरी वाढत होती तेव्हा तिला ‘बस’ म्हणायच्या ऐवजी कळप थांबवायची हाळी दिली. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तर काठी न उचलता हाळी द्यायची नाही, हे लक्षात ठेव. तुझ्याकडून तीच चूक होणार, तुला दम नसतो.

महिरपी कंसाला आणि अवतरणचिन्हाला शिफ्ट लागते, ते पण दोन कळांचंच काम झालं. म्हणून त्यांच्या जागी मी साधी अक्षरं नेमून दिलीत. जे आणि बी लागोपाठ मारलं की कंस येतो. सगळं फ्लॉपीत आहे. कोलनला पण शिफ्ट लागायची, ते काम वरच्या एफ-टूच्या रिकाम्या कळेला लावलंय, काठी हातात असो की दाराशी, ती दाबली की कोलन.

शेवटचं आणि सगळ्यात मोठं. लाईटीचा काही भरवसा नाही, तुला माहीतच आहे. प्रत्येक ओळ झाली की एस्केप, मग कोलन डब्ल्यू. म्हणजे लिहिलेलं जपून ठेवलं जातं. मी नव्या बॅचला पहिल्या दिवशी हेच शिकवते. सी नंतर, व्ही-आय नंतर, आधी हे. एकेका ओळीला. त्यांना कंटाळा येतो आणि मग लाईट जाते आणि मग कंटाळा येत नाही.

हे सगळं एका हातानं जमतं. एका माणसानं करून पाहिलंय. नाव सांगत नाही.

फ्लॉपी घेऊन ये. मशीन झाकलेलंच आहे.

शिवकन्या


साखरा
९ जुलै १९९८

रामप्रसाद,

चार महिने झाले, तू ‘नको’ पण म्हणाला नाहीस. ‘पत्र पाठवू नको’ असं एक कार्ड तरी पाठवायचंस, मला तेवढंच वाचायला.

आज क्लासला गेले नाही. आई बोलत नाही आणि आबा बाहेर गेलेत, म्हणून बसले लिहायला. घडलं ते असं. औंढ्याकडून मला बघायला पाहुणे आले होते. येणार होते दुपारी आणि आले सकाळीच. तेव्हा माझा उजवा हात ओढणीनं कमरेला बांधलेला होता.

तो माणूस मीच आहे. नाव सांगत नव्हते तो. एवढ्यात तुझ्या लक्षात आलं असेल, आणि आलं नसेल तर तू माझ्याबरोबर एवढे दिवस एका मशीनवर बसून काय केलंस?

क्लासमध्ये तास-दोन तास हात बांधून बसायचे. पण मशीनवर डाव्याची सवय होईना, म्हणून घरची कामं पण डाव्यानं करायला लागले. पीठ मळणं एका हातानं होत नाही, परात पळते. मी परातीवर गुडघा ठेवला. वेणी एका हातानं होत नाही, मी केस कापून घेतले, आईचा पहिला राग तो. कुणाला एका हातानं जग असं सांगायचं, तर आपण आधी थोडं जगून बघावं, एवढाच माझा विचार होता. फार मोठं काही केलं नाही. मला संध्याकाळी ओढणी सोडता येत होती. तुला येत नाही, हे रोज सोडताना आठवायचं.

तर पाहुणे ओसरीत बसले आणि मी डाव्या हातानं चहा नेला. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "लेकराच्या हाताला काय तकलीफ हाय?" आई म्हणाली, "काही न्हाई हो, खेळून राहिली." आणि मला डोळ्यांनी खुणावलं, सोड. ओढणीची एक गाठ, ओढली की सुटली असती. मी नाही ओढली. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. चहा पिऊन ते निघून गेले.

आई मग जे बोलली ते लिहीत नाही. शेवटी म्हणाली, "कुणासाठी करून राहिली हे?" मी म्हणलं, क्लाससाठी. आबा दाराशी उभे होते. काठी हातातच होती, त्यामुळं काही बोलले नाहीत.

तुझ्यासाठी. लिहिलं एकदाचं. पोस्टमनला वाचू दे नाहीतर स्टँडवर भोंग्यावरून सांगू दे.

तू तांड्यावरचा, मी धनगराची. तुझ्या घरी तुमची बोली, माझ्या घरी आमची रीत, आणि दोन्हीकडं नको म्हणायला माणसं भरपूर. हे सगळं मला कळतं. मी तुला लग्न कर म्हणून लिहीत नाही. मी तुला मशीनवर येऊन बस म्हणून लिहिते. तुझ्याशिवाय मी ओळी लिहिते आणि मागून कुणी चिडत नाही. मला ते करमत नाही.

शिवकन्या


सेनगाव, जि. हिंगोली
२० मे १९९९

रामप्रसाद,

वर बघ. जिल्हा बदलला, आपण काहीच न हलता. सर क्लासची पाटी नवी रंगवून घेणार आहेत.

गुलाबसिंगकाका काल बाजारात भेटले. म्हणाले, "तो तर कुरुंद्याला गेला, बाई. पुजाकडं ऱ्हातो. हळदीच्या कामावर जातो." कधी गेला विचारलं, तर म्हणाले दिवाळीतच. म्हणजे मी दिवाळीनंतर तांड्यावर पाठवलेली पत्रं कुठं गेली, ते त्यांना पण माहीत नाही. फ्लॉपीचं विचारलं तर म्हणाले, "ते काळं चौकोनी? काय माहीत बाई कुठं हाय ते." माणूस भला आहे, त्यांच्यावर चिडता येईना. तुझ्यावर येतं, म्हणून तुझ्यावर चिडून राहिले.

तुझं मशीन सर विकून राहिलेत. नवीन घेणार, माऊसवाली. मी नाही म्हणून बघितलं. पण झाकून ठेवलेल्या मशीनसाठी किती दिवस भांडणार? परवा त्यावरचं कापड काढलं, धूळ पुसली आणि आपला अर्धा प्रोग्रॅम फ्लॉपीवर काढून घेतला. तो वाचला. निव्वळ वजन पावतीच्या वर पाहिजे म्हणून तू किती भांडला होतास. मी म्हणत होते, वजाबाकी खाली येते, तर उत्तर पण खालीच यावं. तू म्हणालास, "शेतकरी काय वजाबाकी बघायला येतो का? त्याला त्याचा माल किती ते आधी दिसलं पाहिजे." तेव्हा मी तुला हो म्हणलं नव्हतं. बराबर तुझंच होतं.

ती फ्लॉपी काकांकडं दिली, तुला पोचवतो म्हणालेत. माझ्याकडं तिची प्रत नाही. मुद्दामच ठेवली नाही. ठेवली असती तर मी ती रोज उघडून बघितली असती.

पत्र पाठवू नको असं तू पहिल्याच कार्डात लिहिलं होतंस. आता ऐकते. हाताची काळजी घे. दोन्ही हातांची.

शिवकन्या


सेनगाव, जि. हिंगोली
२७ एप्रिल २००३

प्रिय रामप्रसाद,

पोस्टमन बदललाय. आणि बदलला नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

तुला काय काय माहीत आहे ते मला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. हरिचंद सर मुलाकडं औरंगाबादला गेले, क्लास आता मी चालवते. माडी तीच, खाली खताचं दुकान तेच. मशीन आठ झालीत. उदबत्ती मी पण लावते, सरांना हसायचे तेव्हा वाटलं नव्हतं. पोरं सगळी माऊस धरून बसतात. कीबोर्डवरून हात उचलायचा, माऊस शोधायचा, परत कीबोर्डवर यायचं, आणि त्यांना वाटतं त्यांचं लवकर होऊन राहिलं. व्ही-आय मी अजून शिकवते. पहिल्या दिवशी सगळे हसतात, टूं टूं वाजलं की. एक जण दरवेळी प्लगकडं बघतो. मला तेव्हा काय आठवतं ते तुला लिहायला नको.

मी लग्न केलं नाही. तुझ्यामुळं नाही, लगेच फुगू नको. म्हणजे थोडं आहे. आईनं आता विचारायचं सोडलंय. केस परत वाढलेत.

आता खरं सांगायचं ते. आबा यंदा कळप घेऊन कुरुंद्याकडं उतरले होते. हळद निघाली की रानं मोकळी होतात, मग शेतकरी त्यांच्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. त्याच्या बदल्यात ज्वारी देतात. एका शेतकऱ्यानं ज्वारीची पोती ट्रॅक्टरवर टाकली आणि आबांना घेऊन काट्यावर गेला, तोलून घ्या म्हणाला. काल आबा घरी आले, काठी दाराशी टेकवली, पटक्यातून एक पावती काढली आणि माझ्यापुढं धरली. "ही जपून ठेवा म्हणलाय तो काट्यावाला. काहून ते वाच बरं."

साधी पावती. ठिपक्याठिपक्यांची छपाई, इंग्रजी अक्षरात मराठी. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, निव्वळ वजन. मग गाडी, माल, तारीख. आणि सगळ्यात खाली धन्यवाद. धन्यवादच्या पुढं दोन ठिपके आणि एक डब्ल्यू. असं, :w

रामप्रसाद, मी एवढी हसले की आई धावत आली. मग रडले. ती म्हणाली, "आता कुणाचं आलं?" मी पावती दाखवली. तिला त्यात काय दिसणार होतं?

एस्केप दाबायचं विसरलास. ओळ संपत आली, मी सांगितलं होतं तसं लगेच कोलन डब्ल्यू मारलंस, पण काठी न उचलताच. ते जपून ठेवलं जायच्या ऐवजी तिथंच उमटलं. दुसरीकडं कुठं उमटलं असतं तर प्रोग्रॅम चाललाच नसता, पण ते पडलं धन्यवादच्या अवतरणचिन्हात, आणि अवतरणात काय आहे ते चुका तपासणारा कंपायलर बघत नाही. प्रोग्रॅम ते तसंच छापत बसला. या जिल्ह्यात अशी चूक करू शकेल असा एकच माणूस आहे. कुणाच्या मशीनवर शिकलास, कधी शिकलास, हळदीच्या कामावरून काट्याच्या खोलीत कसा गेलास, मला काही माहीत नाही. पण ते येडं शिकलास. आणि एकेका ओळीला माझं ऐकलंस.

आबांना मी सगळं विचारलं. ते म्हणाले, "गडी डाव्या हातानं बडवून राहिला होता, उजवा खिशात. लय भरभर. मला म्हणला, साखऱ्याचे का तुमी? म्हणलं व्हय. म्हणला, मसाजीबा का? म्हणलं व्हय, तू कसा वळखतो? तर पावती फाडून हातात दिली. मंग म्हणला, मॅडम कुठं असत्यात? म्हणलं, कुठं असंल, सेनगावातच हाय, पोरायला शिकवती. काहून इचारतो? तर म्हणला, असंच."

मग मी आबांना ती खूण समजावून सांगितली. मेंढरांची हाळी, माणसांचं बोलणं, काठी, सगळं. तुला पत्रात लिहिलं होतं तसंच, त्यांचंच त्यांना. त्यांनी पावती परत हातात घेतली, वाचता येत नाही तरी लय वेळ बघितली. म्हणाले, "मंजी काठी न उचलता हाळी दिली म्हण त्यानं."

मी म्हणलं, हो, विसरला.

आबा म्हणाले, "विसरला असंल पहिल्या खेपंला. पावत्या रोज निघत्यात. रोज डोळ्यापुढं येती ती. पुसली काहून न्हाई?"

रात्रभर मला हेच. पहिल्या दिवशी विसरलास, हे मला पटतं, तुला दम नसतो. पण दुसऱ्या दिवशी? तू एक जागा जास्तीची सुटली तरी अख्खी पावती परत छापायचास. ती खूण तुला दिसलीच नाही, असं कसं होईल? आणि आबांना सांगितलंस, जपून ठेवा. म्हणजे ते पुसायचं राहिलं नाही, तू ते राहू दिलंस. कुरुंद्याच्या काट्यावरून हळदीच्या, ज्वारीच्या किती गाड्या निघाल्या असतील, एवढ्या सगळ्या लोकांच्या हातात तू ती हाळी देत बसलास. त्यांच्यातलं कुणी सेनगावला यावं म्हणून. माझं हे चुकत असेल तर सांग. पण मी ते कार्डावर ऐकून घेणार नाही.

सकाळी आबा काठी उचलायच्या आधी मी त्यांना म्हणलं, मी कुरुंद्याला जाऊन राहिले. आई चुलीपाशी होती. आबा म्हणाले, "हाळी दिली तर जावंच लागतं." आईनं भाकरी बांधून देते म्हणलं.

हे पत्र तुला पोचू दे, पुढच्या सोमवारी क्लासला सुट्टी देते. पहिल्या जीपनं हिंगोली, तिथून बस. दुपारपर्यंत पोचेन. तोवर ती ओळ पुसू नको, मला ती तुझ्या पडद्यावर बघायची आहे. बोटं तू चालव, नजर मी ठेवते.

काट्याच्या खोलीत दुसरी खुर्ची नसेल तर मागवून ठेव.

तुझी
शिवकन्या